टपावरची काच

महाराष्ट्र नवा होता तेव्हा मी गावोगाव सिनेमा दाखवायची गाडी चालवायचो आणि राहायचोही तिच्यातच. उजेडासाठी टपाला काच होती. उंद्रीजवळ कडुलिंबाची फांदी पडून ती तडकली.

बदलायला एक म्हातारा मिस्त्री आला. नवी काच काखेत, ती चिकटवायचं लुकण रुमालात बांधलेलं. शिडीला हात लावला आणि मान खाली घालून ओरडला, "वर येऊन राह्यलो होऽ बाई!"

मी गोंधळलो. "आत कोणी नाही बाबा."

तो खोकला, जरा थांबला, मगच चढला. काच बसवून उतरल्यावर म्हणाला, "आमचे घरं धाब्याचे, वर मातीचं सपाट छत. उजेडाले वर भोक असते, खाली बाईमाणूस असते. हाक देल्याशिवाय धाब्यावर कोणी पाय ठेवत नाही."

"अहो, पण ही गाडी आहे!"

"राह्यता ना तिच्यात? मंग घरच झालं." त्यानं आत डोकावून माझी एकुलती उशी पाहिली. "हाक देत जा, साहेब. उद्या कोणी असलं तं?"

ती गाडी सोडेपर्यंत काच पुसायला चढताना मी हाक द्यायचो. कोणाला, ते कधीच कळलं नाही. पण खोकून, जरा थांबूनच चढायचो.