टाकीवरची धार

पहिल्याच दिवशी मी माशांच्या अख्ख्या टाकीचं ताक केलं. चुन्याच्या निवळीची बाटली टाकीवर टांगली, तिच्या सलाईनच्या नळीवरचं चाक आवळायचं विसरलो आणि फोन घ्यायला गेलो. फोनवर पुण्याचा मासेवाला होता. तो विचारत होता, "चाक आवळलं ना साहेब?" मी म्हणालो, हो. वळून बघितलं तर मासे दिसेनात.

गेवराईत समुद्राच्या पाण्याची टाकी ठेवणारा मी एकटाच. केबलवर कुठंतरी बघितली होती, आणि त्या दिवसांत बाजारात रोज काहीतरी नवं यायचं, त्यामुळं आपल्यालाही काहीही मिळू शकतं असा माज माझ्यासारख्या हार्डवेअरवाल्यालाही आला होता. मीठ, मासे आणि प्रवाळाचे तीन तुकडे पुण्याहून ट्रॅव्हल्सने आले. आता तसलं प्रवाळ घरी ठेवायला बंदी आहे. तेव्हा मला काही ठाऊक नव्हतं. प्रवाळ दिसायला झाड, पण जिवंत प्राणी. त्याला अंग धरायला पाण्यातून चुना लागतो, तोही थेंबाथेंबाने, रोज. परदेशात त्यासाठी यंत्र असतं म्हणे. त्याच्या किमतीत स्कूटर आली असती. मी ओळखीच्या कंपाउंडरकडून सलाईनची नळी आणली, प्लॅस्टिकच्या बाटलीचं बूड कापून ती उलटी टांगली आणि वरून पानाच्या चुन्याची निवळी ओतली. मिनिटाला तीस थेंब. सकाळी आठला भरली की दुपारी दोनला संपायची. मी घड्याळ लावून बघितलं होतं.

महिनाभर प्रवाळाची बोटं छान उघडत होती. मग ती आखडायला लागली. लहान दोन तुकडे कडेनं पांढरे पडले. आणि बाटली दोनला संपेना. तीनला बघावं तर अजून पाव भरलेली.

माझा संशय सरळ बायकोवर गेला. कारण होतं. टाकीसाठी मी बैठकीतला टीव्ही आतल्या अंधाऱ्या खोलीत हलवला होता, आणि तेव्हापासून ती टाकीकडे सवतीसारखी बघायची. ही चाक आवळून ठेवते, असं मी धरून चाललो. चाकावर हळदीची चिमूट टाकून ठेवली. संध्याकाळी हळद जशीच्या तशी. मग दुपारपर्यंत पाणी जिथं उतरायला हवं तिथं बाटलीवर पेनानं खूण केली. दुपारी जेवायला आलो तर पाणी खुणेच्या वर.

म्हणजे कुणीतरी ओतत होतं.

मी तिला विचारलं, "बाटलीला हात कावून लावती?"

"मी?" ती पोळी लाटायची थांबली. "मी त्या खोलीत झाडायला बी तुमी म्हणल्यावर जाते."

"मग काय माशांनी भरली?"

"त्यांनाच इचारा. माझ्यापेक्षा त्यांच्याशीच जास्त बोलता."

तिला उत्तर इतकं लगेच सुचलं, याचाच मला जास्त संशय आला. ती दोन दिवस बोलली नाही. ते मी गुन्हा कबूल केल्यात जमा धरलं.

तिसऱ्या दिवशी दुकानात जातो म्हणून निघालो आणि मागच्या दारानं येऊन बैठकीतल्या पडद्यामागं उभा राहिलो. पोट पडद्याबाहेर येत होतं, म्हणून श्वास धरला. दहाच्या सुमाराला पावलं वाजली. आले ते अप्पा, माझे वडील. अंगावर सोवळं, कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात पूजेचा तांब्याचा तांब्या. त्यांनी मान वर करून बाटली न्याहाळली आणि तांब्यात उरलेलं पाणी हळूच तिच्यात ओतलं.

"अप्पा, हे काय?"

ते दचकले नाहीत. "धार तुटू नये म्हणून. तुझं ध्यान दुकानात. रोज मीच बघतो."

"ही पिंडीवरची अभिषेकाची गळती न्हाई अप्पा."

"मग टांगली कावून? एकदा धार लावली की सांभाळावी लागती."

मासेवाल्यानं मला एकच गोष्ट तीनतीनदा बजावली होती: तांबं टाकीपासून लांब ठेवा, प्रवाळाला ते विष आहे. आणि इथं पूजेसाठी रात्रभर तांब्यात ठेवलेलं पाणी रोज थेंबाथेंबाने टाकीत जात होतं. माझंच यंत्र, आवळलेल्या चाकानिशी, बिनचूक चाललेलं.

मी अप्पांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीवर बसले. मग त्या पांढऱ्या तुकड्यांकडे बोट केलं. "जितं होय हे?" त्यांनी विचारलं. "मला वाटलं, दगूडच हाय."

त्याच दिवशी निम्मं पाणी बदललं, दोन दिवसांनी पुन्हा निम्मं. लहान तुकडे गेले. मोठ्यानं पाचव्या दिवशी एक बोट बाहेर काढलं, मग हळूहळू बाकीची. अप्पा मात्र बैठकीत यायचे बंद झाले. पूजा झाली की ते मागच्या ओसरीवर जाऊन बसत.

आणखी चार दिवसांनी मी बायकोची माफी मागायला स्वयंपाकघरात गेलो. शब्द जुळवत होतो, तर तीच म्हणाली, "अप्पांना मी सांगितलंय, तांब्या देवापाशी ठेवा आन् टाकीपाशी येऊन बसा. बाटली संपत आली की ह्यांना दुकानातून बोलवा. उद्यापासून बसतेत म्हणले. आन् तुमी, मनात काय असंल ते तोंडावर बोला. उद्या मी पडदे झटकणार हाय. मागं कुणी उभं असलं तर आधी काठी बसंल, मग इचारीन कोण हाय ते."