थंडी आहे म्हणून सोडलेला सामना

वर्षभर पावसात रेनकोट घालून, उन्हात डोक्यावर टॉवेल टाकून घसा फाटेपर्यंत ओरडणारी माणसं नेमकी शेवटच्या, सगळ्यात महत्त्वाच्या सामन्याला घरी का बसतात? हा प्रश्न मला जपानात, सेंदाईत पडला. तोवर मला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. खरं सांगायचं तर ऑफसाइड अजूनही कळत नाही. शिट्टी वाजली की मी आजूबाजूच्या लोकांची तोंडं बघते आणि त्यावरून ठरवते, आपल्याला राग यायला हवा की आनंद व्हायला हवा.

मोठ्या भूकंपानंतर चारेक वर्षांनी मी तिथे गेले. लेक विद्यापीठात संशोधन करायची, जावई तोक्योच्या ऑफिसात, ते शनिवार-रविवारी यायचे. नातीला बघायला कुणी नाही, म्हणून मी. हे जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं, पुण्याच्या घरात तरी मला कोण बांधून ठेवणार होतं?

आमच्या समोरच्या दारात एक जपानी बाई राहायच्या, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या, एकट्या. लेक त्यांना काकू म्हणायची, मग मीही तेच उचललं. आता गंमत अशी, की जपानीत ‘काकु’ म्हणजे लिहिणे. मी जिन्यात “काकू!” अशी हाक मारली की त्या हसून विचारायच्या, “काय लिहू?” आणि मला त्या म्हणायच्या इंदोसान. म्हणजे इंडियाबाई. माझं नाव त्यांच्या जिभेवर बसेना, आणि त्यांचं माझ्या, असं आमचं छान जमलं. मी समाजमंदिरासारख्या एका ठिकाणी फुकटच्या जपानी वर्गाला जायचे. तिथे शिकलेलं प्रत्येक वाक्य घरी येऊन काकूंवर चालवून बघायचे.

लेकीने एवढंच सांगितलं होतं, की त्यांचं घर समुद्राकडे होतं, लाटेत गेलं. नवराही. आणि “आई, तू विचारू नकोस हं,” असं वर बजावलं होतं. मी बोलकी बाई, पण हे मात्र पाळलं.

काकूंची एक सवय होती. कुणीही निघालं की त्या दाराबाहेर यायच्याच. मी दूध आणायला निघाले तरी. चपला घालून, बर्फ असला तरी अंगावरच्या घरच्या कपड्यांनिशी, खाली रस्त्यापर्यंत. मी वळणावर मागे बघितलं की हात वर. “इत्तेराश्शाय!” म्हणजे आपण म्हणतो ना, ‘जाऊन या’, तसं. सुरुवातीला मला अवघडल्यासारखं व्हायचं. दुधाच्या पिशवीला एवढा निरोप? मग मीच वळणावर थांबायला लागले, हात हलवायला.

फुटबॉल त्यांनीच दाखवला मला. त्यांच्याकडे हंगामाचे पास होते, दोन खुर्च्यांचे. तिसरा, त्यांच्या उजव्या हाताचा, लेकीने माझ्यासाठी काढला. “घरात बसून टीव्हीशी बोलतेस, त्यापेक्षा बरं.” पंधरा-एक दिवसांनी सामना असायचा. काकू भाताचे त्रिकोणी मुटके आणायच्या, मी तिखटमिठाच्या पुऱ्या. त्यांच्या डाव्या हाताची खुर्ची रिकामी असायची. तिच्यावर काकू पिशवीतून काढून एक चौकोनी आसन ठेवायच्या, विटकं, निळं, कडेला हाताने शिवलेलं. पहिल्यांदा मला वाटलं पिशवी ठेवायला असेल. तसं म्हणून मी माझी पिशवी तिकडे सरकवली, तर काकूंनी अगदी हळूच ती उचलून माझ्या पायाशी ठेवली. मला काय ते कळलं. त्यानंतर गोल झाला की काकू आधी डावीकडे बघायच्या, मग माझ्याकडे.

तर त्या वर्षी आमचा संघ कसाबसा वर आला. वरच्या गटात चढायचं तर आणखी एक सामना जिंकायला हवा होता, हरलं की बाद. डिसेंबरातला रविवार, आणि सामना आमच्याच मैदानावर! मला वाटलं आता दिवाळी. पण जिन्यात, कचरा वेगळा करायच्या खोलीत, भाजीच्या दुकानात, जो तो म्हणतोय, “थंडी आहे ना.” लेकीला विचारलं तर तिने समजावलं. म्हणे, जेमतेम आठवडाभर आधी ठरतं सामना कुठे ते, लोकांची कामं ठरलेली असतात. पास त्या दिवशी चालत नाही, नवीन तिकीट काढायचं, तेही मिळेल त्या खुर्चीचं. टीव्हीवर फुकट दिसतो. “आणि आई, हरलो तर? गारठून, हरून, एवढ्या लांब परत यायचं. घरी पांघरुणात हरलेलं बरं.” मला ते पटलं, पण पुरतं नाही. ही माणसं घाबरतात त्याला थंडी म्हणतात, असं माझ्या मनात आलं.

काकूंना जिन्यात विचारलं. त्या म्हणाल्या, “या वेळी मिओकुरु.”

हा शब्द मला आला! वर्गात नुकताच झाला होता: ‘मी मैत्रिणीला स्टेशनवर मिओकुरु केलं’. म्हणजे सोडायला गेले. अन् काकू तर सगळ्या जगाला सोडायला जाणाऱ्या. मला वाटलं, खेळाडूंची बस मैदानाकडे निघते, तेव्हा लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून हात हलवतात, त्यातलं काहीतरी असणार. तिकीट नाही तर नाही, निदान निरोप तरी. मी मान डोलावली आणि म्हटलं, “मीही.” त्यांनी जरा चमकून बघितलं, पण मीही मान डोलावली, त्यांनीही डोलावली, आणि आम्ही दोघी आपापल्या दारात गेलो.

रविवारी सकाळी मी तयार. आत उबदार बनियन, वर दोन स्वेटर, त्यावर लेकीचा कोट, डोक्याला ह्यांची जुनी माकडटोपी, बगलेत आल्याच्या चहाचा थर्मास. काकूंच्या दाराची घंटा वाजवली. त्या घरच्या कपड्यांत, हाताला तांदळाचं पाणी.

“इंदोसान, कुठे निघालात? डोंगरावर?”

“तुमच्याबरोबर. मिओकुरु.”

“कोणाला?”

“संघाला! बसला!” मी हात हलवून दाखवला.

त्यांना काही क्षण कळेना. मग अशा हसल्या, अशा हसल्या, की दाराला धरून खाली, चपला काढायच्या पायरीवरच बसल्या. मला आधी राग आला. एवढी नटून आले आणि ही बाई दात काढतेय. मग मीही माकडटोपीसकट त्यांच्या शेजारी बसले आणि हसले.

डोळे पुसत त्यांनी सोप्या सोप्या शब्दांत सांगितलं. “बस आली. तुम्ही चढला नाहीत. नुसती जाताना बघितलीत. तेही मिओकुरु. तिकीट विकायला आलं, मी घेतलं नाही, जाऊ दिलं. मिओकुरु.”

“अहो, मग हे आमच्या सोडण्यासारखंच झालं!” मी एकदम मराठीतच बोलले. मग हातवारे करून सांगितलं, की आम्हीही माणसाला स्टेशनवर सोडतो, आणि बसही सोडतो, आणि नादही सोडतो, सगळ्याला एकच शब्द. त्यांनी तो म्हणून बघितला. “सोदाना.”

“पण सोडलात का सामना?” मी विचारलं.

“थंडी आहे म्हणून,” त्या म्हणाल्या. सगळे म्हणत होते तेच. पण हे शब्द तोंडातून पडले आणि त्यांचं हसू तिथेच थांबलं. ओले हात मांडीवर ठेवून त्या दाराकडे बघत राहिल्या.

मग त्या बोलल्या. मला प्रत्येक शब्द कळला असं नाही, पण त्या इतक्या सावकाश बोलत होत्या, की जे कळायला हवं ते कळलं. त्या दिवशीही थंडी होती. मार्च उजाडला तरी कडाका. नवऱ्याला त्या ‘तो माणूस’ म्हणायच्या, आपण ‘हे’ म्हणतो तसं. ते बंदराकडे कामाला निघाले. रोज त्या दारापर्यंत जायच्या, वळणापर्यंत बघायच्या. त्या सकाळी पाय उबेत होते. त्यांनी आतूनच म्हटलं, “इत्तेराश्शाय.” ते दार लावून गेले. दुपारी जमीन हलली, मग पाणी आलं. काकू टेकडीवरच्या शाळेत पोचल्या. ते कुठे सापडलेच नाहीत, नंतरही नाही.

“थंडी होती म्हणून,” त्या पुन्हा म्हणाल्या. “मला सोदाना करताच आलं नाही.”

माझ्या दुधाच्या पिशवीला त्या रस्त्यापर्यंत का येत होत्या, ते मला तेव्हा कळलं. ह्यांच्या शेवटी मी हात धरून बसले होते. तेव्हा मला वाटायचं, हे बघायची वेळ माझ्यावर यायला नको होती. त्या पायरीवर बसून वाटलं, मला केवढं मिळालं होतं. पण हे त्यांना कोणत्या भाषेत सांगू? मी माझे हात त्यांच्या ओल्या हातांवर ठेवले, एवढंच.

“आजच्या सामन्याला खुर्च्या कुणाच्याही असतात,” त्या म्हणाल्या. “तिथे दुसरं कुणी बसलेलं मला बघवायचं नाही. चला, आत चला. टीव्ही आहे.”

त्यांच्या कोतात्सूत पाय घालून आम्ही सामना बघितला. कोतात्सू म्हणजे बसकं टेबल, खाली शेगडी, वरून गोधडी, एकदा पाय आत गेले की माणूस उठत नाही. मध्यंतरात कॅमेरा आमच्या बाजूवरून फिरला. इतक्या रिकाम्या खुर्च्या मी तिथे कधी बघितल्या नव्हत्या. काकू गुडघ्यांवर सरकत टीव्हीपाशी गेल्या आणि काचेवर बोट ठेवलं. कोपऱ्यातल्या खांबाच्या अलीकडे. कुणीच नव्हतं.

“रिकामी आहे,” त्या म्हणाल्या. सुटल्यासारखं म्हणाल्या. चेहरा अगदी हलका झाला. कॅमेरा पुढे गेला, खेळाडू आले, जाहिरात लागली, आणि त्या तशाच बसून होत्या.

“एकटाच गेलाय,” त्या म्हणाल्या. “एवढ्या थंडीत. एकटाच बसलाय.”

त्या उठल्या, भिंतीवरचा कोट घेतला, आसन पिशवीत टाकलं. मी थर्मास उचलला. माझी माकडटोपी डोक्यावर होतीच.

भुयारी रेल्वेत त्या आसन छातीशी धरून उभ्या होत्या, जागा असून. शेवटच्या स्टेशनवरून चालताना मैदानाकडून ओरडा ऐकू येत होता, मग एकदम मोठी शांतता झाली आणि माणसं बाहेर यायला लागली. मान खाली, गळपट्टे तोंडावर. विचारायची गरज नव्हती. दारावरच्या गणवेशातल्या मुलीने दोन्ही हातांची फुली करून दाखवली, वाकून वाकून माफी मागितली. तिकीटविक्री संपलेली, सामना संपलेला, आत कसं सोडणार?

आम्ही कडेला थांबलो. सगळे जाईपर्यंत. नाक, कान, काहीच माझं राहिलं नव्हतं. उजेड कमी झाला, शेवटचे ढोल-निशाणवालेही गेले. मग काकू आमच्या बाजूच्या त्या भिंतीसमोर नीट उभ्या राहिल्या, पाय जुळवून, आणि मोठ्यांदा म्हणाल्या, “इत्तेराश्शाय!”

ती मुलगी वळून बघायला लागली. काकू वाकल्या, खूप वेळ वाकलेल्याच राहिल्या. मला राहवेना. मी माझ्या भाषेत म्हटलं, “जाऊन या हो. सावकाश या.” काय बोलले मी, येणार कुठून होते ते? पण ‘जा’ म्हणवत नाही आपल्याला.

मग तिथल्याच कठड्यावर बसून आम्ही थर्मासमधला चहा प्यायलो. तो अजून गरम होता. “आलं फार,” काकू म्हणाल्या, आणि आल्यामुळेच की काय, डोळे पुसत राहिल्या.

वसंतात पास नवे करायची वेळ आली, तेव्हा त्यांनी एकच काढला. मी विचारलं, “आणि दुसरा?”

“सोदाना,” त्या म्हणाल्या.

पहिल्या सामन्याला बर्फ अजून कडेला साठलेला होता. काकूंच्या डाव्या हाताच्या खुर्चीत एक आडदांड माणूस येऊन बसला, हातात वाफाळत्या शेवयांचा कागदी वाडगा. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक? बसल्या बसल्या तो गार लागून उडालाच. काकू समोर मैदानाकडे बघत होत्या. मी माझी पुरी तोंडाशी नेलेली तशीच धरून होते. बऱ्याच वेळाने त्यांनी पिशवीत हात घातला, ते निळं आसन काढलं, दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरलं.

“घ्या,” त्या म्हणाल्या. “ही खुर्ची फार गार असते.”

तो वाकला, आसन घेऊन बसला, मनापासून शेवया खाऊ लागला. त्या दिवशी आमच्या संघाने गोल केला, तेव्हा काकूंनी डावीकडे बघितलं नाही. माझा हात धरला, आणि सगळे बसले तरी सोडला नाही.