चिखलाला पुरण

पोळा होऊन दोन दिवस झाले, त्या सकाळी माझ्या शेजाऱ्यांच्या अकरा बरण्यांना जोडलेल्या मीटरचा काटा शून्यावर आला. साल साठनंतरचं. भिलाईत भट्ट्या एकामागून एक उभ्या राहत होत्या, आणि चिखलाला वेळेवर जेवू घालणारा माणूस साऱ्या टाउनशिपमध्ये हा एकच होता.

शेजारी भंडाऱ्याकडचे, कोक ओव्हनवर, म्हणजे कोळसा भाजायच्या भट्टीवर कामाला. रुआबांध्याच्या तळ्यातला काळा चिखल त्यांनी लोणच्याच्या बरण्यांत भरला होता. प्रत्येकीत जुन्या टॉर्चच्या सेलमधल्या दोन कोळशाच्या कांड्या, एक चिखलात, एक वरच्या पाण्यात. चिखलातले जंतू खाता खाता वीज सोडतात, असं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. जंतूंना कोणतं अन्न मानवतं, एवढंच त्यांना शोधायचं होतं. काहींना गुळाचं पाणी, काहींना शेण, काहींना भाताची पेज. पाळी संपवून आले की स्वतः जेवण्याआधी बरण्यांना वाढत. आल्यागेल्याला ओळखही करून देत. "हा गुळावरचा. एक दिवस उड्या मारते, मंग आंबून बसते. हे पेजवाले पाहा. धीमे, पण रोज ड्यूटीवर." बरण्यांना जोडलेला टॉर्चचा दिवा मात्र कधी लागला नाही. वहिनी विचारत, "कावून लागत नाही हो?"

"लागन ना. लेकरं हायेत अजून."

हसले की त्यांना खोकल्याची उबळ येई. डॉक्टरांनी कोक ओव्हन सोडायला सांगितलं होतं. बदली मिळण्याजोगी एकच जागा होती, प्रयोगशाळेतल्या मदतनिसाची. तिथले केमिस्टसाहेब त्या सकाळी बरण्या पाहायला येणार होते. काटा स्थिर दिसला तर शिफारस करीन, असं त्यांनी सांगितलं होतं.

पोळ्याला बैलाच्या मानेवर जू नसतं आणि त्याला पुरणपोळी मिळते. क्वार्टरमध्ये बैल नव्हता. शेजाऱ्यांनी बरण्यांना हळदकुंकू लावलं आणि प्रत्येकीत चमचा चमचा पुरण सोडलं, पेजवाल्यांतसुद्धा. गोडानं बिघडतं हे तुम्हीच सांगता, अशी मी आठवण करून दिली.

"सालभर राबले ना भाऊ हे माह्यासाठी. एका दिवसानं का होते?"

वहिनी दारातून म्हणाल्या, "मले लुगडं नाही, अन् चिखलाले पुरण!"

साहेब ठरल्या वेळी आले. खोलीत आंबूस वास होता. त्यांनी काटा पाहिला, मीटरला टिचकी मारली, चहा घेतला आणि निघाले. पुढच्या महिन्यात ती जागा भरली. शेजारी कोक ओव्हनवरच राहिले. बरण्या त्यांनी टाकल्या नाहीत. "उपास घडवतो याईले," म्हणाले. "पोट साफ झालं का येतील कामावर."

हिवाळ्यात त्यांना आजारी रजेवर गावी नेलं. रिक्षात बसताना त्यांनी मला बजावलं, "पेज पातळ कर बरं. घाई नोको करू."

मी रोज पातळ पेज घातली. आठवड्याभरानं काटा हलला आणि खाली आला नाही. मी तसं कार्ड टाकलं. उत्तर वहिनींच्या भावाकडून आलं. त्यात तेरवीचा दिवस कळवला होता.