अक्काने सोडलेले मासे

अक्काला होसकोट्याहून आपल्याकडे आणायचं, हे मी वर्षभर घोकत होते. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचे यजमान गेल्यापासून ती तिथल्या घरात एकटी. मूलबाळ नाही. सकाळी उठून एका माणसाचा भात लावायचा आणि उरलेला दिवस भिंतीकडे बघत काढायचा, हे काय जगणं झालं? मी फोनवर भांडायचे. "अगं, इंदिरानगरात माझं एवढं घर आहे, एक खोली नुसती पडून आहे. ये की कायमची!" ती म्हणायची, "बघू गं." अक्काचं 'बघू' म्हणजे 'नाही', हे मला लहानपणापासून ठाऊक.

का नाही, तेही ठाऊक होतं. ती लग्न होऊन सासरी गेली आणि वर्षाच्या आत तिचे सासरे गेले. सासूने चारचौघांत म्हटलं, सुनेचा पायगुण वाईट. झालं, शिक्का बसला. दुकान चालेना, हिचा पायगुण. गाय आटली, हिचा पायगुण. तिचे यजमान हसण्यावारी न्यायचे, "माझं तर हिच्यामुळेच बरं चाललंय," म्हणायचे. ते होते तोवर ठीक होतं. ते गेले, आणि सासू नसतानाही अक्काने तो शिक्का स्वतःच्या हाताने पुन्हा मारून घेतला. कुणाकडे राहायला जायचं म्हटलं की ती काहीतरी कारण काढायची.

त्याच सुमारास आमच्या ह्यांना माशांचं खूळ लागलं. रिटायर झाल्यावर लोक देवदेव करतात, ह्यांनी हॉलमध्ये काचेची मोठी टाकी आणून ठेवली. खाली वाळू, कडेला पाणवनस्पती, कोपऱ्यात फिल्टर, वर दिवा. पाणी भरून झालं. मी विचारलं, "मासे?" तर म्हणाले, "महिनाभर तरी नाही. आधी पाणी तयार व्हायला हवं."

"तयार व्हायला तो काय भात आहे?"

ह्यांनी मला शांतपणे समजावलं. मी चिडले की हे आणखी शांत होतात, आणि मग मी आणखी चिडते, तो भाग वेगळा. मासे पाण्यातच घाण करतात आणि त्या घाणीचं विष होतं. ते विष खाऊन टाकणारे बारीक जंतू फिल्टरच्या स्पंजात हळूहळू वाढतात. ते वाढेपर्यंत टाकीत मासे सोडायचे नाहीत. नुसतं चिमूटभर माशांचं खाणं रोज पाण्यात टाकायचं आणि कुजू द्यायचं, म्हणजे जंतूंना काहीतरी मिळतं. रोज सकाळी हे काचेच्या एका नळीत ते पाणी घ्यायचे, औषधाचे थेंब टाकायचे आणि उजेडात धरून रंग बघायचे. हिरवा म्हणजे विष आहे. पिवळा म्हणजे नाही. घरी येणारा जाणारा विचारायचा, यात मासे कुठे आहेत? मी सांगायचे, "आम्ही सध्या पाणी पाळलंय."

अशात अक्काच्या घराची एक भिंत ओलीने फुगली आणि दुरुस्तीला काढावी लागली. धुळीत राहणार कशी? शेवटी एकदाची तिच्या कानडी वळणाने 'सरी', म्हणजे 'बरं', म्हणाली. "पण स्वल्प दिवस हं. भिंत झाली की परत." मी म्हटलं, बरं बरं. मनात म्हटलं, एकदा ये तर खरी, मग बघते कशी परत जातेस.

आली, तर दारातच घुटमळली. "तू हो पुढे," म्हणाली आणि माझ्या मागून आत आली. मला असा संताप आला! ती सासू मरून किती वर्षं झाली, पण तिचं बोलणं हिच्या पायाला अजून चिकटलेलं. चपला काढता काढताच मी ठरवून टाकलं. टाकीतले पहिले मासे हिच्याच हाताने सोडायचे. घरातलं नवं काम, तेही अक्काच्या हातून. बघू दे तिला, काय वाईट होतं ते.

ह्यांना सांगितलं, तर ह्यांनी नळी दाखवली. "अजून हिरवंच आहे गं. थांब ना जरा."

"तुमचं हिरवं-पिवळं राहू द्या हो. तोवर तिची भिंत होईल आणि ती जाईल निघून. चार मासे सोडले तर काय आभाळ कोसळणार आहे?"

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तशी माझी गत. आत अक्का पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसली होती, तिच्याकडे ह्यांनी बघितलं आणि म्हणाले, "चला. थोडेच आणू, आणि मी रोज पाणी बदलत जाईन." त्यांना कळत होतं की हे चुकतंय. पण त्यांनाही अक्का राहायला हवी होती.

मासे घेऊन आलो, तर अक्का हात मागे घेऊन उभी. "मला नको गं. तू सोड. सवाष्ण आहेस."

"डोंबलाची सवाष्ण! माशांना काय कळतंय? धर." मी पिशवीच तिच्या हातात दिली.

तिने ती आधी पाण्यावर तरंगत ठेवली, ह्यांनी सांगितलं तशी. मग तोंड सोडून हळूच तिरकी केली. लालकेशरी, काळे, शेपटीचे झगे सांभाळत एकेक करत बाहेर आले. अक्का हसली. यजमान गेल्यानंतर तिला तसं हसताना मी पहिल्यांदा बघितलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली.

पुढचे काही दिवस फार चांगले गेले. आंघोळ झाली की अक्का कॉफीचा लोटा घेऊन टाकीपुढे बसायची. एक झुपकेदार शेपटीचा नर सारखा माद्यांच्या मागे फिरायचा, त्याला ती 'नवरदेव' म्हणायची. "बघ गं ह्याचा थाट, मिरवणुकीतून उतरायलाच तयार नाही!" एका दुपारी तिने मला विचारलं, "कपाटात एक कप्पा देशील? पिशवीत साड्या चुरगळतायत." मी आख्खं कपाट रिकामं करून दिलं. तिने साड्या लावल्या, तळाला कागद घालून, नीट. मी ह्यांना खुणेनंच सांगितलं, राहिली.

मग मासे वर येऊन पाण्याच्या कडेशी तोंड उघडमीट करायला लागले. नळीतलं पाणी गडद हिरवं झालं. हे बादल्या उचलून उचलून पाणी बदलत होते, पण एक मेला. मग दुसरा. दर वेळी पहिल्यांदा दिसायचा तो अक्काला, कारण सकाळी तीच तिथे बसायची. ती कुणाला हाक मारायची नाही. आम्ही बाहेर आलो की नुसतं बोट दाखवायची.

ह्यांनी तिला सगळं समजावलं. नळी दाखवली, स्पंज दाखवला. "अक्का, हे विरजणासारखं आहे. विरजण लागायच्या आधीच आपण दही मागितलं. चूक आमची आहे."

"सरी," अक्का म्हणाली.

मी ओरडून सांगितलं, रडून सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. ती मान हलवायची, 'हो गं' म्हणायची, आणि टाकीपासून लांब बसायची. कॉफीही स्वयंपाकघरातच घ्यायला लागली.

नवरदेव शेवटी गेला. त्या दिवशी मी अंघोळ करून बाहेर आले, तर कपाट उघडं आणि रिकामं. अक्का पिशवी घेऊन दाराशी बसलेली.

"भिंत अजून ओली आहे तिथे!"

"असू दे. वाळेल."

"अगं, पाण्यामुळे मेले ते! तुला किती वेळा..."

ती माझ्याकडे बघत नव्हती. आत वर्तमानपत्र वाचत बसलेल्या ह्यांच्याकडे बघत होती. हळू आवाजात म्हणाली, "तुझ्याकडे दोनच माणसं आहेत. माशांवर भागलं, तेवढ्यावर राहू दे. पुढचं मला बघायचं नाही."

हे तिला गाडीने पोचवून आले. आल्यावर बराच वेळ टाकीपुढे उभे राहिले. मला वाटलं आता ती उचलून देऊन टाकतील, पण त्यांनी फिल्टर चालूच ठेवला. थोड्या दिवसांनी नळी घेऊन माझ्याकडे आले. पाणी पिवळं होतं. म्हणाले, "तिच्या माशांनी केलं हे. त्यांच्याच घाणीवर जंतू वाढले."

नवे मासे आणले, ते जगले. पोटुशा माद्या व्याल्या आणि टाकीभर पिल्लं झाली, जिऱ्याच्या दाण्याएवढी, नुसते डोळे आणि शेपटी. अक्का फोनवर रोज विचारायची, पुन्हा मासे आणलेत का? मी म्हणायचे, नाही गं, कोण करतंय ते. काय सांगणार होते? पण ह्यांना खोटं येत नाही आणि ते लक्षातही राहत नाही. एकदा व्हिडिओ कॉल चालू असताना हे मोबाईल घेऊन हॉलमध्ये गेले आणि कौतुकाने टाकीच दाखवली.

मी धावले, पण तिने बघितलं होतं. मला वाटलं ती रडेल. ती इतकी खूश झाली! "अय्यो, पिल्लंसुद्धा! बघ, मी म्हणत नव्हते? मी निघाले आणि घर कसं भरलं!"

मी मोबाईल हिसकावून घेतला. "अक्का, ऐक माझं. तू सोडलेल्या माशांमुळेच हे पाणी तयार झालं. ते नसते तर यांतलं एकही जगलं नसतं. तुझ्यामुळे आहेत ही पिल्लं, कळलं? तुझ्यामुळे! तू परत ये."

ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. "वेडी गं वेडी. बहिणीसाठी किती खोटं बोलशील?"

"अक्का..."

"मी इथूनच बघते, तेच बरं. मोबाईल स्वल्प जवळ धर की, नीट दिसत नाहीत."

मी धरला.