उंबऱ्यावर ठेवलेलं सोनं

मित्रांनो, जाफराबादचे आमचे अण्णा एका यूट्यूबवाल्याची राजकीय चर्चा रोज ऐकतात.

शेजारचे शेषरावकाका एकदा म्हणाले, "हा माणूस उद्या बाजू बदलंल." तेवढ्यावरून अण्णांनी जन्माच्या दोस्ताशी बोलणं तोडलं. दसऱ्याला काका सोनं द्यायला आल्ते, तर अण्णा जागचे उठले न्हाईत. काका आपट्याची पानं उंबऱ्यावर ठेवून गेले.

आज तोच यूट्यूबवाला, कालपर्यंत ज्यांना शिव्या द्यायचा, त्यांचं हसत हसत कौतुक करून राह्यला होता.

अण्णांनी मोबाईल ठेवला, चपला घातल्या. "शेषराव बराबर म्हणत होता. सांगून येतो त्याला."

अन् उंबऱ्यातच थबकले. काकांना जाऊन चार महिने झालेत.

व्हिडिओखाली मी हे सगळं लिहिलं. त्यावर कोणीतरी हसायचा इमोजी टाकलाय. सांगा, यात हसण्यासारखं काय आहे?