तिचं नाव तीच सांगेल

देवाने त्या घरात बोलणं वाटताना हात जरा तिरकाच चालवला होता. भाचीच्या ओंजळीत टोपलीभर ओतलं आणि आत्याच्या वाट्याला आलं ते अडकत अडकत, एकेक शब्द जसा दाराच्या फटीतून अंग चोरून बाहेर पडावा तसं.

भाचीला घरात टकळी म्हणत. सकाळी डोळा उघडला की तिचं तोंड सुरू, आणि झोपेतही पुटपुटणं चालूच. लहानपणी लाटणं तोंडासमोर धरून ती शेजारपाजारच्या बातम्या द्यायची. पुढे कॉलेजात माध्यमांचा अभ्यास घेतला तेव्हा कोणालाच नवल वाटलं नाही. "आता निदान घरातलं बोलणं तरी कमी होईल," वडील म्हणाले. झालं नाही.

आत्या वडिलांची मोठी बहीण. लग्न केलं नव्हतं, भावाच्याच घरात राहायची आणि एका मोठ्या दवाखान्याच्या लॉन्ड्रीत काम करायची. शब्दाची सुरुवात तिच्या ओठांवर अडायची. मान किंचित झुकायची, डोळे मिटायचे आणि समोरच्याचा धीर सुटायचा. सगळ्यात आधी सुटायचा तिच्या भावाचा. जीव होता त्याचा बहिणीवर, म्हणूनच तो तिचं वाक्य घाईघाईने पुरं करून टाकायचा. तिने "पा... पा..." म्हणायला आणि त्याने पाण्याचा पेला पुढे करायला एकच गाठ. तिला हवं असायचं पाकीट. पण परत पहिल्यापासून सुरू कोण करणार, म्हणून ती पाणी पिऊन टाकायची. त्या घरात सगळ्यात जास्त पाणी आत्याच पीत असेल.

शेवटच्या वर्षाला सरांनी काम दिलं ते असं, की आपल्या ओळखीतल्या एका साध्या माणसावर दहा मिनिटांचा कार्यक्रम करायचा. त्या माणसाचा आवाज आणि मधे मधे आपण लिहिलेलं निवेदन. निवेदनाला निम्मे गुण. चांगला होईल तो कॉलेजच्या रेडिओवर लागणार, आणि वर्गातल्या एकाच नावाची शिफारस शहरातल्या मोठ्या रेडिओ स्टेशनला जाणार, निवेदक म्हणून शिकायला. सर तिला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझा आवाज आहे, लिहितेसही बरं. यात गडबड केली नाहीस तर ती जागा तुझीच समज."

टकळीने आत्याला निवडलं. का, ते तिलाही धड सांगता आलं नसतं.

आवाज घुमू नये म्हणून तिने आत्याला कपड्यांच्या उघड्या कपाटासमोर बसवलं, दोन्ही बाजूंना खुर्च्यांवर गोधड्या टाकल्या. "मला वा... वाळत घालतेस का?" आत्या म्हणाली. पण बोलली. आणि टकळीने आयुष्यात पहिल्यांदा तोंड मिटून ऐकलं.

शाळेत उत्तर येत असूनही आत्या "माहीत नाही" म्हणायची, कारण तेवढे दोन शब्द न अडता बाहेर यायचे. असं करत करत ती वर्गातली ढ मुलगी ठरली. लॉन्ड्रीतली नोकरी तिने मुद्दाम धरली. तिथे यंत्रांच्या घरघरीत कोणालाच बोलता येत नाही, सगळ्या बायका हातवारे करतात. "तिथे स... सगळ्याच माझ्यासारख्या." पण तिथेही पहिल्या दिवशी मुकादमबाईंनी नाव विचारलं तेव्हा हिचं स्वतःचं नाव अडलं, आणि चटकन आलं ते भलतंच नाव हिने सांगून टाकलं. त्याच नावाने तिथे तिला आजवर हाक मारतात.

"आणि देवापुढे? तिथेही अडखळतेस?" टकळीने विचारलं.

"अडखळते की. पण तो माझं वा... वाक्य पुरं करत नाही. थांबतो."

टकळी स्टुडिओत बसली. ती खोली म्हणजे जिन्याखालची अडगळ होती, भिंतींना फोम चिकटवलेला, कानावरच्या हेडफोनची गादी फाटून आतला स्पंज बाहेर आलेला. पडद्यावर आवाज डोंगररांगांसारखा दिसायचा आणि आत्या अडली की सपाट रेघ. टकळीने ती सपाट रेघ सगळीकडून कापली. वाकून वाकून, पाठ दुखेपर्यंत. आपण आत्यासाठी काहीतरी करतोय या आनंदात. अडलेली अक्षरं छाटली, श्वास छाटले, डोंगराला डोंगर जोडला. मग मधल्या जागांत आपलं निवेदन बसवलं. ते तिने मन लावून लिहिलं होतं. 'शब्दांच्या उंबऱ्यावर थबकलेली एक नदी' असं एक वाक्य होतं त्यात, आणि ते सुचलं तेव्हा ती एकटीच गालात हसली होती.

घरी येऊन तिने हेडफोन आत्याच्या कानाला लावला. आत्याने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. हेडफोन काढून नीट मांडीवर ठेवला.

"छान बोलते ही. को... कोण आहे?"

"आत्या, तूच!"

"मी मे... मेल्यावर लाव हे. तेव्हा अडखळणार नाही मी." मग पुढे म्हणाली, "आणि ती न... नदी कुठली गं? आपल्या घराजवळ तर ना... नालाच आहे."

टकळीला आधी राग आला. एवढी मेहनत केली, आणि हे! उशीत तोंड खुपसून पडली, जेवायलाही उठली नाही. पण पडल्या पडल्या एक गोष्ट तिच्या मनात कुसळासारखी रुतत गेली. बाबा काय करतात? आत्याच्या हातात पाण्याचा पेला देतात. आणि आपण काय केलं? तेच, फक्त यंत्राने.

दुसऱ्या दिवशी तिने कापलेलं सगळं परत जोडलं. प्रत्येक श्वास, प्रत्येक अडलेलं अक्षर. कार्यक्रम दहा मिनिटांच्या खूप पुढे गेला. काहीतरी काढावं लागणार होतं. आत्याचं काढायचं नाही म्हटल्यावर उरलं ते स्वतःचं.

लिहिण्याबद्दल वर्गात तिने पुष्कळ ऐकलं होतं. सुरुवात पकड घेणारी हवी, प्रतिमा ताजी हवी, भाषा नादमय हवी. खोडण्याबद्दल कोणी एवढंच म्हणायचं, की जास्तीचं काढा. पण आपलं सगळ्यात लाडकं वाक्य हेच जास्तीचं निघालं तर? नदी गेली. मग 'काळजातलं मौन' गेलं. मग एकेक करत परिच्छेद गेले, आणि गंमत अशी की दर खोडण्यागणिक आत्या जास्त जवळ बसल्यासारखी वाटायला लागली. शेवटी टकळीचं एवढंच राहिलं: 'ही माझी आत्या. तिचं नाव तीच सांगेल.' एवढं लिहायला तिला याआधी कधी इतके दिवस लागले नव्हते.

सरांनी ऐकलं. सर वाईट माणूस नव्हते, पोरांसाठी धावपळ करणारे होते. पण त्यांच्या कपाळावर आठी चढली ती उतरेना.

"हे काय? नावापाशीच गाडी बंद पडली! ऐकणाऱ्याला वाटेल रेडिओच बिघडला. रेडिओवर शांतता म्हणजे मरण, हे पहिल्या दिवशी शिकवलं ना मी?"

"हो सर."

"मग काप की ते. नाव तू निवेदनात सांग. बाईंचा त्रास मला कळतो गं, पण ऐकणाऱ्याने का सोसायचा?"

"त्यांना दहा मिनिटं सोसायचंय, सर. ती जन्मभर सोसतेय."

"डायलॉग नकोत. निवेदन कुठंय तुझं?"

"काढलं."

"सगळं? अगं, निम्मे गुण आहेत त्याला! मग यात तू लिहिलंस काय?"

"लिहिलं ते खोडलं, सर. खूप वेळ लागला. ते खोडणं माझंच आहे."

"असं सांगून गुण मिळतात?"

"नाही मिळणार. माहीत आहे मला."

सर हेडफोनच्या वायरीची गुंडाळी करत राहिले. मग म्हणाले, "कोणाचा आवाज दाबला असं व्हायला नको. लावतो मी हे. पण सकाळच्या पहिल्या वेळेला, कोणी ऐकत नाही तेव्हा. आणि स्टेशनला तुझं नाव जाणार नाही. अजून विचार कर. एक नाव तर कापायचंय, बस."

"तेच कापायचं नाहीये, सर. माझं नका पाठवू."

मोठ्या तोऱ्यात ती बाहेर आली खरी, पण जिन्यापर्यंतच. कठड्याला धरून ती पायरीवर बसली. लाटणं तोंडासमोर धरलेल्या त्या पोरीची तिला दया आली. रडूही आलं. पुसलं, उठली आणि घरी गेली. कोणालाही न विचारता घेतलेला निर्णय आहे म्हटल्यावर तो कोणाच्या गळ्यात घालायचा नसतो, म्हणून स्टेशनचं घरात कोणाला सांगितलंच नाही. टकळी एवढी गप्प बसलेली बघून वडिलांनी तिला ताप आलाय का म्हणून कपाळाला हात लावून पाहिला.

कार्यक्रम लागणार होता त्या सकाळी तिने स्वयंपाकघरातल्या फळीवरचा रेडिओ लावला. आत्या कामावर जायच्या तयारीत, पायात चपला घातलेल्या. वडील चहाचा कप घेऊन टेबलाशी. रेडिओतून टकळीचा आवाज आला, "ही माझी आत्या. तिचं नाव तीच सांगेल."

मग एक अक्षर आलं. तेच अक्षर पुन्हा आलं. मग काहीच नाही. नुसता श्वास.

वडिलांचा हात सवयीने उठला. रेडिओ बिघडला असं वाटून असेल, किंवा नाव त्यांच्या जिभेवर आलंच होतं म्हणून असेल. तोंड उघडलेलं, हात बटणाकडे निघालेला.

आत्याने त्यांचं मनगट धरलं.

"थां... थांब की जरा."

आजवर तिने त्यांना असं अडवलं नव्हतं. ते उघड्या तोंडाने तसेच उभे राहिले. चहावर साय धरायला लागली. आत्याची पकड सुटली नाही. रेडिओतली शांतता चालूच होती, आणि त्या घरात पहिल्यांदाच ती भरून काढायला कोणी धावलं नाही.

आणि मग नाव आलं. पुरतं, शेवटच्या अक्षरापर्यंत, तिच्याच तोंडून.

वडील खाली बसले. पुढचं सगळं त्यांनी मान खाली घालून ऐकलं, "माहीत नाही" वाली शाळा आणि लॉन्ड्रीतलं ते भलतं नावही. कार्यक्रम संपल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आत्याने पिशवी खांद्याला लावली, दारापर्यंत गेली आणि वळली.

"पा..." ती म्हणाली. "पा..."

वडिलांच्या हाताशीच पेला होता. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"पाकीट राहिलं माझं. आणि ऐक," ती टकळीकडे बघून म्हणाली, "आज मु... मुकादमबाईंना सांगणार आहे. माझं ख... खरं नाव. वेळ लागला तर ला... लागू दे. यंत्रं बं... बंद ठेवा म्हणावं तेवढी."