आगाशे सरांच्या कॉम्प्युटरचं ऑपरेशन

आगाशे सरांच्या घरचा विषय निघाला की आमचा चहा दोनदा होतो. एक किस्सा सांगून संपत नाही तोवर कुणीतरी म्हणतंच, "अरे, आणि ते बोनेटचं?"

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. सर रत्नागिरीत कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, सुर्वेचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि मी बँकेत होतो. तिघांनी मिळून मुंबईहून सुटे भाग आणले आणि सरांच्या पडवीत कॉम्प्युटर जोडला. पेटी मात्र इथल्याच ट्रंका करणाऱ्याकडून घेतली. त्यानं आपल्या मनानं पुढे कडी-कोयंडा ठोकून दिला!

"मास्तर, एवढी महागाची वस्तू. कुलूप नको?"

*

मशीन चालायचं, पण त्यातलं डॉस, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, जुनं होतं. नवं डॉस सुर्वेच्या भावानं मुंबईहून एस्टीच्या कंडक्टरबरोबर पाठवलं. आम्ही स्टँडवर हजर. कंडक्टरनं मोठ्या अभिमानानं पाकीट दिलं. "गर्दीत चेंगरायला नको म्हणून पुढे बोनेटवर ठेवलं होतं!"

रात्रभर इंजिनावर भाजलेली फ्लॉपी पापडासारखी वळली होती.

बिचारा इतका ओशाळला की पुढच्या खेपेला दुसरी फ्लॉपी त्यानं शर्टाच्या आत, छातीशी धरून आणली. "आता बघा," म्हणाला, "माझ्यापेक्षा जास्त गरम झाली नसेल!"

*

नवं डॉस घालायचं तर हार्ड डिस्क पुसावी लागणार होती. तिच्यावर सरांचं वर्षभराचं काम होतं: मच्छीमारांसाठी भरती-ओहोटीच्या वेळा काढणारा प्रोग्रॅम. त्याच्या कॉपी काढायला कोऱ्या फ्लॉप्या बाहेर काढल्या, तर पावसाळ्याच्या ओलीनं निम्म्यांवर बुरशी! उरलेल्या फ्लॉप्या कोरड्या राहाव्यात म्हणून सरांच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, तांदळाच्या डब्यात खोचून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी फ्लॉपी घालताच ड्राइव्ह खरखरायला लागला. सुर्वेनं उघडून चिमट्यानं एक दाणा बाहेर काढला. "सर, तांदूळ!"

आतून वहिनी ओरडल्या, "आंबेमोहोर आहे, टाकू नका!"

*

कॉपी कशाबशा निघाल्या. आता भीती एकच, मध्येच लाइट जायची. सर स्वतः वायरमनला भेटायला गेले. "उद्या दुपारी लाइट घालवू नका हो. ऑपरेटिंग सिस्टिम बदलायची आहे, घरीच."

वायरमननं त्यातला एकच शब्द ऐकला. "ऑपरेशन? घरी? तुम्ही काळजीच करू नका, सर!"

दुसऱ्या दिवशी लाइट एकदासुद्धा लुकलुकली नाही. दुपारी वायरमन दोन शहाळी घेऊन दारात. "पेशंट कुठं हाय?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

सुर्वेनं पेटी उघडून ठेवलेल्या मशीनकडे बोट दाखवलं. "अजून शुद्धीवर आला नाय."

वायरमननं एकवार मशीनकडे, एकवार आमच्याकडे पाहिलं. मग शहाळी टेबलावर ठेवून म्हणाला, "मग तुम्हीच प्या. तुमचीच तोंडं उतरलीत!"

*

आणि खरोखरच उतरली होती. वायरमन गेला आणि डिस्क पुसायची वेळ आली. स्क्रीनवर अक्षरं उमटली. सरांनी मोठ्यानं वाचलं, "डिस्कवरचं सगळं जाईल. पुढे जायचं का? वाय किंवा एन."

सरांचं बोट वायवर. पण दाबवेना.

"दाबा, सर!" सुर्वे म्हणाला. सर नुसते घाम पुसत राहिले.

वहिनी चहाचा ट्रे घेऊन मागे उभ्या होत्या. "म्हणजे मागचं सगळं जाणार, आणि त्याआधी तो एकदा विचारतोय?"

"हो."

"बरा आहे की! मला लग्नाआधी एवढंसुद्धा कुणी विचारलं नव्हतं."

सुर्वे आणि मी खो खो हसलो. सर हसले नाहीत. ते उठले, वहिनींच्या हातातला ट्रे घेतला आणि खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

"तू सांग. वाय की एन?"

वहिनी बसल्या. पदराला हात पुसले. स्क्रीनकडे बघत राहिल्या. सुर्वेनं घसा खाकरला.

"घाई करू नका," वहिनी म्हणाल्या. "मला विचार करू दे."